भोंगा आणि हाक

माझ्या नवऱ्याचा स्टेजवरचा कोट पेणच्या एका शिंप्याने शिवला, पण त्यावरचे खडे मी चिकटवले. मी गणपतीच्या कारखान्यात काम करते. रंगकाम संपलेल्या मूर्तीच्या मुकुटाला, बाजूबंदाला खडे लावायचे. चिमट्याने एकेक खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा आणि हलक्या हाताने दाबायचा. त्या वर्षी सीझन संपल्यावर उरलेले लाल-हिरवे खडे मालकांनी मला दिले आणि मी ते सगळे या एका माणसाच्या पाठीवर लावले. कोट बघून मालक म्हणाले, "विसर्जन कधी?" मी म्हटलं, "याचं होत नाही. बुडवला तरी गात वर येतो."

तो हार्ड रॉक गायचा. आमच्याकडे लोकांना ऑर्केस्ट्रा माहीत, बेंजो पार्टी माहीत, डीजे तर नको इतका माहीत. हार्ड रॉक म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, गिटार भांडते आणि आमचा हा तिच्यावर ओरडतो. डोळ्यांत काजळ, सोनेरी बूट, कमरेपर्यंत केसांचा टोप. टोप यासाठी, की तो रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. गॅसचा मास्क तोंडाला घट्ट बसावा म्हणून तिथे दाढी ठेवू देत नाहीत आणि केसही बेताचेच लागतात. म्हणजे शिफ्टला जाताना हा बँकेतल्या क्लार्कसारखा गुळगुळीत, आणि रविवारी स्टेजवर चढला की त्याच्या आईनेही ओळखू नये असा. अंगावर तो चमकी उधळून घ्यायचा. ती चमकी मी पुढचा आठवडाभर चादरीतून, पिठाच्या डब्यातून, एकदा तर वरणातून काढलेली आहे.

मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते आजही खटकतं.

चेष्टा मी करायचे, पण त्याच्या आवाजाची नाही. त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर तो आवाज. वर चढला की चढतच जायचा, आणि टोकाला पोचल्यावर तिथे उभा राहायचा. ऐकणाऱ्याचे दात शिवशिवायचे. तो त्याला फार जपायचाही. थंड पाणी नाही, दही नाही, भर चैत्रात गळ्याला मफलर. आणि असा गळा घेऊन हा माणूस रोज आठ तास ॲसिडच्या टाक्यांमध्ये फिरायचा. मला याचा राग यायचा. त्या हवेने एक दिवस हा आवाज जाणार, ही भीती मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मनात धरून बसले होते. कधीकधी त्याला नुसता खोकला आला तरी मी भांडायचे.

आवाज त्याला आईकडून आला. सासर खारेपाटातलं, पेणच्या पलीकडे खाडीच्या कडेला. सासरे-सासूबाई दोघांनी मिठागरात जन्म काढला. आगराच्या या टोकाला उभं राहून सासूबाईंनी कुकारा घातला की त्या टोकाचा माणूस फावडं टेकून वळायचा. मध्ये नुसतं पाणी, ऊन आणि मिठाचे ढीग.

पण त्या गावात एक हाक वेगळी आहे. भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. मोठ्या उधाणाला कधीतरी तो फुटतो, त्याला खांड गेली म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की जमीन काही वर्षं कामाला येत नाही. म्हणून खांड ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने तिथूनच हाक मारायची, "खांड गेलीऽऽ" आणि जायचं त्या दिशेला हात करायचा. ऐकणाऱ्याने पुन्हा हाक मारायची आणि निघायचं. कुणाची खांड, किती मोठी, खरंच का, असं विचारायचं नाही. ताटावरचा माणूस ताटावरून उठतो, बाई पदर खोचून घमेलं उचलते. भावकीत बोलणं नसलेले भाऊसुद्धा त्या दिवशी एका रांगेत माती वाहतात. ही हाक खोटी मारत नाहीत. माझ्या नवऱ्याने लहानपणी एकदा खेळताना मारली होती. अख्खा गाव बांधावर पोचला आणि बांध शाबूत. सासूबाईंनी त्याला मारलं नाही. कानाला धरून दारोदार नेलं आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्याच्याकडून वदवून घेतलं, "मी खोटी हाक मारली." हे त्याने मला लग्नाआधी सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

आता भोंग्याचं सांगते.

रोह्यात कंपन्यांचा भोंगा दर आठवड्याला ठरल्या वेळी तपासणीसाठी वाजतो. चढ-उतार करत वाजला तर धोका, सलग वाजला तर धोका टळला. हे तिथल्या बालवाडीतल्या पोरांनाही पाठ आहे. आम्ही रोह्यासमोरच्या अष्टमी गावात भाड्याने राहतो, नदीच्या अलीकडे. तिथेही भोंगा स्वच्छ ऐकू येतो आणि मी त्यावर भात उतरवते. एका आठवड्यात नवऱ्याने तो मोबाइलवर रेकॉर्ड केला. पुढच्या कार्यक्रमाला स्टेजवर आधी अंधार, मग चढता-उतरता भोंगा, मग मशीनचा धूर, आणि धुरातून हा. तोंडावर कंपनीने भंगारात काढलेला जुना मास्क, त्याला सोनेरी रंग मारलेला. रंग माझ्याच कारखान्यातला.

मी म्हटलं, "भोंगा नको."

"का?"

"लोक घाबरतील."

"घाबरायलाच पायजेत गो. मग गाणं लागतं."

पहिल्यांदा वाजला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी पोरं उचलली होती. दोन-तीन पुरुष चपला शोधायला लागले. तेवढ्यात धुरातून हा आला, गिटार कडाडली, आणि लोकांना कळलं. मग जे हसू फुटलं आणि ज्या टाळ्या पडल्या, तशा त्याला आधी कधी पडल्या नव्हत्या. घाबरून मग हसलेला माणूस दुप्पट जोरात टाळी वाजवतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्याचं नाव झालं. पेण, अलिबाग, महाड, कॉलेजांची गॅदरिंग, कुठल्या कुठल्या मंडळांचे कार्यक्रम. मुंबईच्या एका स्पर्धेत तो शेवटच्या फेरीपर्यंत गेला. खांब गावाजवळ हायवेवर आम्ही चहाला थांबलो तर टपरीवरचा पोरगा ओरडला, "ए, भोंगा आला!" तेच त्याचं नाव पडलं. रोह्याच्या लोकांना तर भोंगा इतका सवयीचा झाला की स्टेजवर तो वाजला की सगळे मुठी वर करून त्याच्याबरोबर ओरडायचे, वर चढायचे, खाली उतरायचे. त्यांच्या बँडचा ड्रमर त्याच कंपनीत सेफ्टी विभागात आहे. तो मला एकदा म्हणाला, "वहिनी, आता आठवड्याच्या तपासणीलाबी पोरं नाचतात." तो हसत होता. मला हसू आलं नाही.

सासूबाईंनी त्याचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. बोलावलं की म्हणायच्या, "वरडतो तर हितंच वरड की, आगरात." भोंग्याचं मात्र त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सणाला गावी गेलो तेव्हा त्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, "तो भोंगा वाजला की लोकं हसतात, व्हय?"

तो म्हणाला, "हसतात म्हंजे, आवडतो त्यांना."

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

आणि मग तो अष्टमीचा कार्यक्रम आला. हिवाळ्यातला रविवार, नदीकडच्या मैदानात, उजेड असताना सुरू करायचा ठरलेला. आपल्या वस्तीतला कार्यक्रम म्हणून त्याने गावी टेम्पो पाठवला होता, आणि टेम्पोतून गावच्या माणसांबरोबर सासूबाई खरोखर उतरल्या. हातात माझ्यासाठी सुकटीची पिशवी. मी त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं. टोप आणि कोट घालून मंडपामागे उभा असलेला मुलगा त्यांना दाखवला. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "हे खडे तू लावलंस?" मी हो म्हटलं. "नीट बसलेत," एवढंच त्या म्हणाल्या.

मी नेहमीप्रमाणे साउंडवाल्याशेजारी जाऊन उभी राहिले. मैदान खच्चून भरलं होतं. स्टेजवर धूर सोडायला सुरुवात झाली आणि भोंगा वाजला. चढला, उतरला, पुन्हा चढला. मैदान एका आवाजात ओरडायला लागलं. मुठी वर, मोबाइल वर.

मी साउंडवाल्याकडे बघितलं. त्याचं बोट बटणाच्या वर तसंच अधांतरी होतं. त्याने ते दाबलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मी नाय लावला."

खरं सांगते, पहिल्यांदा मनात लोक आले नाहीत. पहिल्यांदा आला त्याचा गळा. मी स्टेजच्या मागून धावत गेले, शिडीवर एकदा घसरले. तो धुरात तयार उभा होता, मास्क लावून. मी त्याच्या दंडाला धरून ओरडले, "आपला नाही तो. खरा आहे."

त्याने मान वर करून मंडपाच्या पताकांकडे बघितलं. कंपनीतली माणसं भोंगा ऐकला की आधी वारा बघतात. पताका कंपन्यांच्या बाजूने आमच्याकडे फडफडत होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं, काजळ घातलेल्या त्या मोठ्या डोळ्यांनी, आणि मास्क गळ्यात ओढून तो पुढे माइकवर गेला.

"थांबा," तो म्हणाला. "हा खरा भोंगा हाय. गॅस सुटलाय. निघा इथून. निघा."

मैदानाने ते उचललं. "निघा! निघा! निघा!" मुठींच्या तालावर. एका पोराने मित्राला खांद्यावर घेतलं. त्यांना ते नवीन गाणं वाटलं.

त्याने टोप उपटला आणि फेकला. लोकांनी तो झेलला आणि शिट्ट्या मारल्या. त्याने हात जोडले. जोडलेल्या हातांनाही शिट्ट्या पडल्या. इतकी वर्षं या लोकांना आपण जे शिकवलं तेच ते करत होते. मी कडेला उभी राहून हे बघत होते आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर संताप आला होता, त्याचाही. मागे ड्रमरला कळलं होतं. आवाज आणि धूर थांबला तर तरी लोक भानावर येतील म्हणून त्याने जाऊन जनरेटर बंद केला. दिवे गेले, माइक गेला, स्पीकर गेले. लोक हुर्यो करायला लागले. लांबून भोंगा चढत-उतरत होताच.

मग वास आला. नाकात सुई गेल्यासारखा. कंपनीच्या माणसाच्या बायकोला तो वास नवऱ्याच्या कपड्यांमुळे ओळखीचा असतो, पण असा नाही. मी पदर तोंडावर घेतला. तो स्टेजच्या अगदी कडेला उभा होता आणि मला कळलं, हा आता काय करणार. माइक नव्हता. त्या गर्दीच्या वर आवाज न्यायचा तर आधी छाती भरून घ्यावी लागणार होती, आणि घ्यायला हवा होती ती ही. मी "नको" म्हणाले. तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता, त्याने ऐकलं असणार.

त्याने छाती भरून घेतली आणि हाक मारली.

"खांड गेलीऽऽ!"

उजवा हात त्याने चढावरच्या शेतांकडे केला. वाऱ्याला आडवं आणि उंचावर, असं त्यांना कंपनीत शिकवतात.

दुसऱ्या रांगेत सासूबाई उठल्या होत्या. हाक पुरी व्हायच्या आत. त्यांचा पदर कमरेला खोचला गेला होता, आणि त्यांनी लेकाकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त त्याच्या हाताकडे बघितलं. त्यांनी तीच हाक उचलली आणि चालायला लागल्या. त्यांच्यामागे टेम्पोतून आलेली सगळी माणसं उठली, मग मैदानात इकडेतिकडे विखुरलेली खारेपाटातली माणसं, कुणी बसस्टँडवर काम करणारा, कुणी दूधवाला, माझ्या कारखान्यातल्या दोघी. कुणी कुणाला विचारलं नाही. रांगाच्या रांगा उभ्या राहून एका दिशेला निघाल्या तेव्हा बाकीच्यांची हुर्यो थांबली. म्हातारी माणसं पदर खोचून चालायला लागलीत, म्हणजे हा खेळ नाही, हे त्यांना एकदाचं कळलं. तो हाक मारतच होता. दर वेळी छाती भरून. चौथ्या-पाचव्या हाकेला त्याचा आवाज मध्येच फाटला आणि तो गुडघ्यांवर बसला. तरी हात चढाकडे होता.

ड्रमरने आणि मी त्याला उचलून नेलं. कोट इतका जड होता की आम्ही तो वाटेत टाकला.

गळती लवकर आटोक्यात आली. कुणी दगावलं नाही. मोबाइल धरून मैदानातच थांबलेल्या काही पोरांना दवाखान्यात ठेवावं लागलं, पण तीही बरी होऊन घरी गेली. सगळ्यात जास्त दिवस आमचा हाच होता. पेणच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि बोलायचं नाही असं बजावलं. महिनाभर आमच्या घरात मी एकटीच बोलत होते. मी बोलताना थांबायचेही नाही, कारण थांबलं की तो तोंड उघडून बघेल अशी मला धास्ती वाटायची. शेवटी एका सकाळी त्याने चहा मागितला. आवाज ऐकून मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. तो आवाज एखाद्या म्हाताऱ्याचा होता. खालचे सूर होते, पण वर जायला लागला की नुसती हवा यायची. डॉक्टर म्हणाले, जेवढा आला तेवढा आला.

तिकडे त्याच्या हाकेचा व्हिडिओ सगळीकडे गेला होता. मैदानात थांबलेल्या त्या पोरांनीच काढलेला. मुंबईहून एक माणूस आमच्याकडे आला, मोठाले शो करणारा. चांगला माणूस होता, सासूबाईंच्या पाया पडला. त्या तेव्हा आमच्याकडेच राहत होत्या. त्याने सगळं ठरवून आणलं होतं. शहरोशहरी कार्यक्रम. गाणी जुन्या रेकॉर्डवर चालवू, म्हणाला, तुम्ही ओठ हलवा, वावरा. फक्त सुरुवातीची ती हाक तेवढी प्रत्यक्ष मारायची.

नवरा म्हणाला, "ती हाक तशी मारत नाय."

"फाटलेल्या आवाजात तर जास्तच पोचेल."

"पोचंल. म्हणूनच मारत नाय."

तो माणूस गेल्यावर मी जे भांडले ते अख्ख्या चाळीने ऐकलं. आवाज गेला, कोट गेला, उरलं होतं ते एवढं एक, आणि तेही हा दारातून परत पाठवत होता. मी म्हटलं, "इतकी वर्षं भोंगा खोटा वाजवलास, तेव्हा नाही ते सुचलं?"

तो म्हणाला, "म्हणून तर."

सासूबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट हलवलं, खडे बाजूला केले, आणि आमच्यापैकी कुणाचीच बाजू घेतली नाही. मला त्याही वेळी वाटत होतं आणि आताही थोडं वाटतं, की त्याने हो म्हणायला हवं होतं. नव्या कोटावर माझ्या हाताने लावलेले खडे असल्या मोठ्या शोच्या दिव्यांत एकदा तरी चमकलेले मला बघायचे होते.

त्यानंतर त्याने एकच कार्यक्रम केला, पेणला. बँडमधल्या मित्रांनी आग्रह केला, गाणी खालच्या पट्टीत बसवून घेतली. टोप नाही, मास्क नाही, भोंगा नाही. पांढरा शर्ट. काजळ मात्र होतं, ते मी मुद्दाम घातलं त्याच्या डोळ्यांत. मैदान भरलं, पण लोक गाण्याला आले नव्हते. तो माइकसमोर उभा राहिला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "हाक द्या!" मग आणखी काही जण. त्याने नकार म्हणून मान हलवली. लोकांना तेही लटकं वाटलं. कॉलेजच्या पोरांचा एक घोळका होता, त्यांनी हात तोंडाशी धरले आणि स्वतःच ओरडले, "खांड गेलीऽऽ!" पाठोपाठ मैदानाचा तो सगळा कोपरा हसत हसत तेच ओरडायला लागला.

पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसलेल्या सासूबाई उभ्या राहिल्या.

त्यांना माहीत होतं. पोरं हसतायत हे त्यांना दिसत होतं. ओहोटीची वेळ होती, आणि बांध तिथून कितीतरी लांब. पण त्या उभ्या होत्या, पदर खोचलेला, आणि हात कुणीकडे होतोय हे मान वळवून शोधत होत्या. मी त्यांचा हात धरला. पोरं पुन्हा ओरडली. त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि एक पाऊल टाकलं.

स्टेजवरून त्याने हे पाहिलं. तो कडेपर्यंत आला, खाली वाकला. माइक हातात आहे हे तो विसरला होता, म्हणून त्याचा तो बसका, उरलासुरला आवाज साऱ्या मैदानाने ऐकला.

"आये, बस. कुठं नाय गेली. मी सांगतो ना, बस."

ओरडणं थांबलं. पोरांचे तोंडाशी धरलेले हात खाली आले. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, पदर सोडला आणि त्या खाली बसल्या.